चिरलेलं पान

छापखान्यातून बांधणीला आलेल्या कागदांत एखादं पान मधोमध उभं चिरलेलं असलं, तर ते धक्क्याने फाटलं असेल असं समजायचं नाही. ती खूण असते. छापून झाल्यावर काही चुकलेलं दिसलं, किंवा कुणा मोठ्या माणसाच्या डोळ्यांत काही खुपलं, की छापणारा त्या पानावर सुरी चालवतो आणि सोबत बदली पान छापून पाठवतो. आम्ही बांधणीवाल्या बायांनी चिरलेलं पान मुळाशी बोटाच्या पेराएवढी पट्टी ठेवून कापायचं, पट्टीला खळ लावायची, नवं पान चिकटवायचं आणि पुस्तक शिवून मोकळं व्हायचं. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तेवीस वर्षं मी हे करत आले. सरदारांच्या खुशामती कापल्या, वैद्यांची चुकलेली औषधं कापली, एका पाद्र्याची लांबलचक अर्पणपत्रिका कापली, कारण ज्याला अर्पण केलं तो जुगारात बुडाला. सगळं शेगडीत टाकलं, आणि मला कधी काही वाटलं नाही.

त्या मंगळवारी वर आलेल्या गठ्ठ्यातलं पहिलंच पान चिरलेलं होतं. त्यावर नाव होतं हेप्सी क्राउदर. आणि हेप्सीमावशी माझ्यासमोर, त्याच टेबलाशी, हाडाची पट्टी हातात घेऊन कागदाला घड्या घालत बसली होती.

लीड्समध्ये बॅराक्लफांचा छापखाना खाली आणि आमची बांधणीची खोली वर. आम्ही तिघी. मी थर्झा, शिवणीवर. डॉर्कस जुळणीवर, म्हणजे घड्या घातलेले कागद क्रमाने लावायचे काम तिचं. तोंड तिचं अखंड चालू. आणि मावशी घडीवर. मावशी साठीची, विणकराची विधवा, पाय सुजलेले. छापलेलं वाचायची, पण लिहिता तिला येत नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस ती कागद दुमडायची आणि रविवारी प्रवचन करायची.

प्रवचन म्हणजे नुसतं बोलणं नाही. ती बोलता बोलता गायला लागायची. एखादी गोष्ट सांगत सांगत ती अशा जागी आणून सोडायची की पुढचं बोलून सांगताच येऊ नये, आणि मग तिचा सूर लागायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं पोर जाऊन आठ दिवस झाले होते. मी देवावर रागावून प्रार्थनागृहाच्या दाराबाहेर उभी होते, आत जायचंच नाही म्हणून. त्या गाण्याने मला हाताला धरून आत नेलं. आजही कुणी गाऊन देवाचं सांगायला लागलं की माझा घास हातात राहतो. ही सवय मला मावशीने लावली.

तिच्या गाण्यांचं पुस्तक व्हावं हे आम्हा बायकांच्या मनात आलं, आणि मालकीणबाईंनीही मनावर घेतलं. मालक वारल्यापासून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम बाई स्वतः करायच्या. हस्तलिखित नव्हतंच. मावशी खिळ्यांच्या पेटीशेजारी स्टुलावर बसायची आणि गायची, आणि बाईंची बोटं पेटीतून खिळे उचलायची. "थांब गं, फार पळू नकोस," बाई म्हणायच्या. मावशी म्हणायची, "बाई, ओळ पळते, मी नाही." असं सगळा हिवाळा चाललं. प्रत्येक शब्द मावशीच्या तोंडातून थेट शिशात उतरला.

आणि आता त्यावर सुरी.

"बदली पान कुठंय?" मी डॉर्कसला विचारलं.

तिने गठ्ठ्याच्या तळातून काढून माझ्यापुढे ठेवलं. "घे. वाच आणि जेवण जातं का बघ."

नव्या पानावर पुस्तकाचं नाव तेच होतं. खाली छापलं होतं, 'संग्राहक आणि संपादक, रेव्हरंड मिस्टर आयझॅक पिकर्सगिल.' मावशीचं नाव कुठेच नव्हतं.

पिकर्सगिल आमच्या प्रार्थनागृहाचे नवे उपदेशक. ते आले आणि महिनाभरात विश्वस्तांनी ठरवलं की यापुढे बायांनी सगळ्यांसमोर उपदेश करायचा नाही. बायांच्या बैठकीत, दार लावून, काय ते बोलावं. मावशीने मान खाली घालून ऐकलं. पुस्तक छापून होत आलं होतं, म्हणून आम्हाला वाटलं, तेवढं तरी सुटलं.

मी पान मावशीसमोर सरकवलं. तिने ओठ हलवत वाचलं. मग पट्टी उचलली आणि पुढच्या कागदाला घडी घातली.

"मावशी, काहीतरी बोल."

"काय बोलू? गाणी राहिली ना आत. नाव काय, थडग्यावर लागतं, तिथे घालतील."

"थडग्यावरही पिकर्सगिलच लिहितील," डॉर्कस म्हणाली. "खाली बारीक अक्षरात, आत कोण आहे ते."

मावशी हसली. मला त्या हसण्याचा राग आला. खरं सांगते, त्या घटकेला मला पिकर्सगिलपेक्षा मावशीचा राग जास्त आला. सोसणं हा ज्याचा त्याचा धर्म असेल, पण समोर बसलेल्याला त्याचा किती ताप होतो हे सोसणाऱ्याला कळत नाही.

दुपारी आम्ही ओटच्या भाकरीला चीज लावत होतो तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. पिकर्सगिल स्वतः आले. मागे मालकीणबाई, हात अॅप्रनला पुसत. पिकर्सगिल तरुण होते, नाकीडोळी चांगले, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाला शिवी देता येत नाही हीच अडचण.

"भगिनी क्राउदर, उठू नका," ते म्हणाले. "मनात किंतु नको, म्हणून मुद्दाम आलो. विश्वस्तांचं म्हणणं असं पडलं की बाईच्या नावाने उपदेशाचं पुस्तक आपल्या दारात विकलं, तर लोक विचारतील, तोंड बंद केलं आणि छापायला मात्र परवानगी? मग सगळं पुस्तकच अडलं असतं. मी म्हटलं, गाणी वाया जाऊ नयेत. माझं नाव घाला, पण गाणी जाऊ द्या."

"मोठं मन आपलं," मावशी म्हणाली. ती खरंच तसं म्हणाली, टोमणा नव्हता.

माझा होता. "साहेब, देवाच्या शब्दावर माणसाचं नाव कशाला, असंच ना?"

"अगदी बरोबर, भगिनी."

"मग तुमचंही काढा. नुसतं पुस्तक जाऊ दे, बिनानावाचं."

ते माझ्याकडे पाहून हसले, लहान मुलाकडे पाहतात तसे. "पुस्तकाला कुणीतरी जबाबदार लागतो. काही प्रश्न आला तर उत्तर देणारा हवा."

"प्रश्न तिला विचारा. ती इथेच बसलीय."

"थर्झा," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि मी काही नुसतं नाव लावलेलं नाही," पिकर्सगिल म्हणाले. "काही ठिकाणी शब्द सरळ केलेत. चार ओळींत थोडा फेरफार. भगिनींचा भाव उत्तम, पण शिक्षण नाही, त्यामुळे कुठे तोल जातो. हस्तलिखित असतं तर दाखवलं असतं. पण हस्तलिखितच नाही म्हणतात."

हस्तलिखित नाही. मावशीला लिहिता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांनी मऊ आवाजात पुराव्यासारखं आमच्या भाकरीशेजारी ठेवलं. शनिवारी पुस्तकं तयार हवीत, रविवारी दारात विक्री, एवढं सांगून ते उतरले.

मालकीणबाई उतरत नव्हत्या. त्या बदली पानांच्या गठ्ठ्याची कड उगीच नीट करत राहिल्या.

"चिरली कुणी?" मी विचारलं.

"मी."

"चारशे?"

"चारशे." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "गीतांची पत्रकं, सभासदांची तिकिटं, वर्गांच्या याद्या, निम्मा छापखाना त्या प्रार्थनागृहाच्या दारावर चालतो. खाली दोन यंत्रवाले आहेत, त्यांना पोरंबाळं आहेत. वर तुम्ही आहात. मी काय करायला हवं होतं, तू सांग."

"मला काय माहीत. पण मला एवढं माहीत आहे की सरकारचा कायदा आहे, छापील कागदाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव हवं. आणि मालकांना जाऊन सहा वर्षं झाली तरी आपल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी 'जॉब बॅराक्लफ' असतं. मेलेला माणूस सहा वर्षं खिळे जुळवतोय. तुम्हाला मावशीचं नाव कापताना जड का जाईल? स्वतःचं तर कधी घातलंच नाही."

हे बोलून झाल्यावर मला वाटलं, नोकरी गेली. बाईंचे कान लाल झाले. त्या खाली गेल्या, आणि थोड्या वेळाने खालून खिळे पेटीत टाकल्याचे आवाज यायला लागले, नेहमीपेक्षा जोरात.

"शाबास," डॉर्कस म्हणाली. "आता उद्यापासून तिघीही गटारात बसून प्रवचन करू. तिथे विश्वस्त येत नाहीत."

"बाईंना असं बोलायला नको होतंस," मावशी म्हणाली.

"तुझ्यासाठी बोलले."

"माझ्यासाठी नाही बोललीस. तुला राग आलाय, तो तू उतरवलास." तिने पट्टी कागदावरून फिरवली. "मला राग नाही. देवाने द्यायचं ते दिलं. कापून टाक ते पान, थर्झा, आणि कामाला लाग."

मी सुरी घेतली. बुधवारी सकाळपर्यंत मी तिच्या सांगण्यावरून सत्तर प्रतींमधून तिचं नाव कापलं, आणि प्रत्येक कापाला मनात पिकर्सगिलचं नाव घेतलं. प्रार्थनेत घेतात तसं नाही.

बुधवारी दुपारी मावशी तिसऱ्या गठ्ठ्याच्या घड्या घालत होती, आणि तिचे हात थांबले. मी मान वर केली. तिच्यासमोर आणखी एक चिरलेलं पान होतं, पुस्तकाच्या आतलं. एकतिसावं.

एकतिसाव्या पानावर मावशीचं सगळ्यांत लाडकं गाणं होतं. प्रभू थडग्यातून उठला त्या पहाटेचं. ते तिने आमच्या पाठीमागच्या लोकर पिंजायच्या वखारीत पहिल्यांदा गायलं, तेव्हा पिंजणारे पुरुष हातातल्या फण्या खाली ठेवून उभे राहिले होते.

पहाटे बाया गेल्या, थडगं रितं दिसलं
धावत सांगत आल्या, कुणालाच ना पटलं
शिष्य म्हणाले, बायांची बडबड ही सारी
प्रभू म्हणाला, याच माझी पहिली ललकारी

डॉर्कसने बदली पान शोधून काढलं आणि मोठ्याने वाचलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

पहाटे शिष्य गेले, थडगं रितं दिसलं
धावत सांगत आले, जगाला ते पटलं
बाया दूर उभ्या राहून ढाळत होत्या आसवं
प्रभू म्हणाला, लेकींनो, मुकाट्याने बसावं

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली.

डॉर्कसने वाचलं.

"हे त्याने कुठे वाचलं? कुठल्या शुभवर्तमानात आहे हे, 'मुकाट्याने बसावं'? मला दाखवा. मी लिहीत नाही, पण वाचते." मावशी उभी राहिली. सुजलेल्या पायांवर ती सहसा दिवसातून दोनदाच उठायची. "माझं नाव कापलं, कापू दे, माझं नाव म्हणजे काय मोठं. पण त्या बाया खरंच गेल्या होत्या. अंधारात, एकट्याच. पुरुष दारं लावून बसले होते. त्यांना प्रभूने स्वतः सांगितलं, जा, सांग. आणि हा म्हणतो, बस. प्रभूच्या तोंडी घालतो हा, बस." तिचा आवाज चढत होता, पण सूर लागत नव्हता. मी तिला तसं कधी ऐकलं नव्हतं. "प्रभूच्या तोंडात शब्द कोंबतो, आणि वर म्हणतो माझा तोल जातो."

"मावशी, बस."

"तूही बस म्हणतेस?"

ती टेबलाला धरून श्वास घेत राहिली. मग तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"आता एकही पान कापायचं नाही. हेही नाही आणि पहिलंही नाही."

"बदली पानं न लावता कसं पाठवणार?" डॉर्कस म्हणाली. "गठ्ठा सोडवल्याबरोबर कळेल त्यांना."

"लावायची की. दोन्ही राहू देत, शेजारी शेजारी."

मी आणि डॉर्कसने एकमेकींकडे पाहिलं. बांधणीवालीच्या हातून घडू शकते अशी ती चूक. नवशिकी मुलगी चिरलेलं पान कापायला विसरते आणि नवं नुसतं चिकटवून मोकळी होते. मग पुस्तकात तेच पान दोनदा येतं, एक चिरलेलं, एक धड. मी स्वतः पहिल्या वर्षी असं एक पुस्तक बिघडवून थप्पड खाल्ली होती. पण तीनशे तीस प्रतींत, दोन-दोन ठिकाणी, तेवीस वर्षांच्या हाताकडून ही चूक कोण मानणार?

"चिरेवर मागून कागदाची पट्टी लावू का?" मी विचारलं. "वाचायला बरं पडेल."

"नको. सुरी कुठे चालली ते लोकांना दिसू दे."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी रागाने शिवत होते, आणि रागाने शिवलेलं इतकं घट्ट बसतं हे मला माहीत नव्हतं. आधी कापलेल्या सत्तर प्रतींत मावशीचं नाव नव्हतं, पण एकतिसावं पान होतं, त्यामुळे त्याही तिने दोन्ही एकतिसाव्या पानांनिशी करून घेतल्या.

शनिवारी मालकीणबाई वर आल्या. गठ्ठा बांधण्याआधी त्या दर दहातली एक प्रत उघडून पानं तपासतात, हा त्यांचा नेम. त्यांनी एक प्रत उचलली. पहिलं पान उलटलं, दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं. मग अंगठ्याने पानं सोडत एकतिसाव्यापर्यंत आल्या. तिथे त्यांनी दोन्ही पानं ओळीओळीने वाचली.

बाईंनी पुस्तक मिटलं. दुसरी प्रत उघडली नाही.

"दोरी घट्ट बांधा," एवढं बोलून त्या खाली गेल्या.

रविवारी पुस्तकं दारातच भराभर गेली. लोकर पिंजणाऱ्या, गिरणीतल्या, घरकाम करणाऱ्या बाया, आणि बरेच पुरुषही. मावशी आमच्यासोबत बायांच्या बाकांवर, मागून तिसऱ्या रांगेत. मालकीणबाई पुढे, विश्वस्तांच्या बायकांच्या मागच्या बाकावर.

पिकर्सगिलनी प्रार्थना सांगितली आणि म्हणाले, "नव्या पुस्तकातलं एकतिसावं पान उघडा." पानांची सळसळ झाली. ती थांबायला हवी होती, थांबली नाही. लोक पान पुढे उलटत होते, मागे उलटत होते. कुणीतरी विचारलं, "कुठलं एकतिसावं?" पुढच्या बाकावरचा एक विणकर मोठ्याने म्हणाला, "माझ्यात दोन आहेत. एकावर सुरी मारलीय."

पिकर्सगिलनी आपली प्रत उघडली. मी त्यांचा चेहरा पाहत होते. मऊपणा गेला नाही, फक्त त्याखालचं हाड दिसलं.

"बांधणीत चूक झालेली आहे," ते म्हणाले. "बायकांच्या हातचं काम, घाईत झालं असेल. क्षमा करू. ज्यांच्या प्रतीत चिरलेलं पान आहे त्यांनी ते आत्ताच फाडून काढावं. पहिलंही, तसं असेल तर. दाराशी पेटी ठेवतो, जाताना त्यात टाका."

फाडल्याचा आवाज आला. एक, मग इकडे तिकडे दोन-तीन, मग बरेच. मी तीन दिवस शिवलेलं देवाच्या घरात फाटत होतं, आणि फाडणाऱ्यांत वखारीत फण्या खाली ठेवून उभा राहिलेला एक माणूसही होता. त्याला मी अजून क्षमा केलेली नाही. रोज करावी असं मनात आणते.

"भगिनी बॅराक्लफ," पिकर्सगिल म्हणाले, "ही चूक आपल्याकडे झाली, एवढं आपण सांगितलंत तर लोकांच्या मनात संशय राहणार नाही."

मालकीणबाई उठल्या. त्यांनी हातमोजे काढून बाकावर ठेवले.

"चूक नाही झाली," त्या म्हणाल्या. "मी पुस्तकं तपासूनच पाठवली." मग म्हणाल्या, "आणि गाणं हेप्सी क्राउदरचं आहे. तिच्या तोंडून ऐकून मी जुळवलंय. तिच्या गाण्यात शिष्य आधी गेले नव्हते."

त्या बसल्या. त्यांच्या शेजारची विश्वस्ताची बायको बाकाच्या टोकाला सरकली. पुढच्या आठवड्यापासून तिकिटं आणि पत्रकं दुसऱ्या छापखान्यात जाणार, हे त्या घटकेला तिथल्या प्रत्येकाला कळलं, आणि बाईंना सगळ्यांत आधी.

फाडण्याचे आवाज थांबले होते. पिकर्सगिलनी वेळ जाऊ दिला नाही. गाण्यांना सूर धरून देणाऱ्या माणसाकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि तो बिचारा खाली मान घालून गायला लागला, "पहाटे शिष्य गेले". पुढचे बाक त्याच्यामागे गेले.

मी उठले. माझ्या मागून डॉर्कस उठली, मग वखारीच्या बाया. "पहाटे बाया गेल्या," आम्ही सुरू केलं, अर्धा ठेका उशिरा आणि सूर वरचा. चाल तीच होती, म्हणून आणखीच वाईट. त्यांची आसवं आणि आमची बडबड एकमेकांवर आदळत होती. काहीजण एक ओळ त्यांची आणि एक आमची गात होते. पिकर्सगिल हात वर करून काही म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं. जन्मभर मी गाण्यासाठी देवाच्या दारात गेले. इतकं बेसूर, इतकं कुरूप गाणं मी कधी ऐकलं नाही, आणि त्यातला सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मावशी बसूनच होती. तिने माझा झगा ओढला.

"थर्झा, सूर खाली घे. फाटतोय."

मी घेतला नाही.